जयाचे अकरा शब्द

पऱ्हाटी फुटली, कापूस वेचणीला आला की पिपळडोहच्या बायांना पाठ नसते, नुसती ओटी असते. चौऱ्याहत्तर साली दिवाळी उलटली आणि देवरावच्या चार एकरांतली बोंडं एकदमच उकलली. आभाळ मात्र रोज दुपारी मळायचं. खापरखेड्याच्या वीजघराचा धूर वर न जाता वावरावर वाकायचा. देवरावची आई रुखमाबाई धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, ओरडायची, "धूर खाली आला, म्हंजे पानी येते. हात चालवा वं बायाहो!"

अशाच एका दुपारी कापसानं भरलेली बैलबंडी उतारावरून सुटली.

बैल कशाला बुजले ते कुणालाच कळलं नाही. देवराव जुवाला लोंबकळला, तरी बंडी थांबेना. आणि खाली, चाकोरीच्या ऐन मध्ये, त्याची पोरगी जया उकिडवी बसली होती. सातवं चालू होतं तिला. रिकाम्या बोंडांची रांग लावण्यात ती गुंग होती. "सरक!" देवराव ओरडला. "सरक वं पोट्टे!" रुखमाबाई ओरडली. सात जणांनी सात बाजूंनी ओरडा केला. जयानं मान वर केली नाही.

देवरावनं शेवटी बैलांच्या तोंडावर अंग टाकलं. चाक हातभर बाजूला गेलं, पण जाता जाता जयाच्या डाव्या पायाच्या दोन बोटांवरून गेलं.

देवरावनं पोरीला उचललं, पायाकडे पाहिलं, आणि भीतीनं त्याचा हात आधी तिच्या गालावर पडला. "सात जनं बोंबलून राहिले! ऐकू येत नाई का वं तुले?"

ती शिवी होती, प्रश्न नव्हता. पण पदर फाडून बोटं बांधणाऱ्या तुळसाबाईच्या काळजात तो प्रश्न होऊन बसला. पोरीची ती माय होती, आणि मायेला काही गोष्टी ठाऊक असतात, फक्त तिनं त्या स्वतःला सांगितलेल्या नसतात.

जया दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला होता. नऊ दिवस उतरला नाही. त्यानंतर जे दोन-चार शब्द तोंडात होते तेवढेच राहिले. तिला गावानं मुकी म्हटलं असतं, पण रामाजीबुवा आडवे आले. बुवांचं कीर्तन पिपळडोहला दर साली व्हायचं. आवाज असा की मारुतीच्या पारावरचं पान हलू नये. जया तीन वर्षांची होती तेव्हा सप्त्यात मृदंगाला चिकटून बसली, एक तळवा जमिनीला टेकवला, आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरला. एक मात्रा चुकली नाही. बुवांनी चालतं कीर्तन थांबवलं. "पाहा मंडळी," ते म्हणाले, "तुम्ही डुलक्या घेऊन राहिले, आणि हे एवढंसं लेकरू ऐकून राहिलं! मागच्या जन्मीची श्रोती आहे ही. हिची वाचा देवानं मुद्दाम राखून ठेवली आहे." लोकांनी टाळी दिली. रुखमाबाईनं तिथंच नातीची दृष्ट काढली.

कीर्तन म्हणजे देवाच्या दारची ओसरी. तिथं बसलेल्यावर कुणी संशय घेत नाही. त्या दिवसापासून जया बोलत नाही म्हणून कुणी विचारलं की रुखमाबाई म्हणायची, "राखून ठेवली हाये." शाळेत वसंत गुरुजींनी नाव लिहायला नकार दिला, "हजेरीले ओ देत नाई, लिहू कसं?" तरी म्हातारी हसली होती.

खापरखेड्याला कामगारांच्या चाळींजवळ एक डॉक्टर बसायचे. त्यांनी बोटं धुतली, पट्टी बांधली. पट्टी बांधताना जयाच्या मागं कंपाउंडरच्या हातून पत्र्याचं ताट फरशीवर पडलं. तुळसाबाई दचकली. देवराव दचकला. बाकावरचा म्हातारा "राम राम" म्हणाला. जया आपल्या पायावरची पांढरी पट्टी बघत होती.

डॉक्टर थांबले. "हिला ऐकू येत नाही."

"येते जी," देवराव घाईनं म्हणाला. "भजनात टाया वाजवते."

"शहरात धंतोलीला जा. कानाच्या डॉक्टरला दाखवा."

धंतोलीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी जयाच्या कानात उजेड टाकला, मग तुळसाबाईकडे वळल्या.

"शब्द किती येतात हिला?"

"लय येतात, बाई."

"लय म्हणजे किती?"

"आता शब्द का मोजाची चीज हाये?"

"मोजायचीच." बाई रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "वर्षाच्या लेकराला दोन-चार यावे लागतात. दोन वर्षांच्याला पन्नासेक, आणि जोडता आले पाहिजेत. पाणी दे. बाबा गेले. तिसऱ्या वर्षी ते प्रश्न विचारून जीव खातं. पाचव्याला न पाहिलेल्या वाघाची गोष्ट सांगतं. आणि हिच्या वयाचं पोर भांडण झालं तर म्हणतं, मी मारलं, कारण त्यानं आधी मारलं."

तुळसाबाईनं पदर दातात धरला होता. तो सोडून तिनं विचारलं, "अन् मोठ्या पोरीले? बारा-चवदाच्या?"

बाईंनी चष्मा काढला. "तिला कुठं दुखतं ते सांगता यावं. कुणी हात लावला तर कोण होता ते नाव घेऊन सांगता यावं. भीती, लाज, अन्याय, हे शब्द त्या वयात जवळ नसले, तर मग नुसतं भोगणंच उरतं."

देवराव भिंतीकडे पाहत होता.

"आठ दिवस घरी ऐका," बाई म्हणाल्या. "शिकवायचं नाही. तिच्या तोंडातून आपणहून जो निघेल तो मोजा. येत्या मंगळवारी या."

तुळसाबाईला लिहिता येत नव्हतं. जयाच्या तोंडून नवा शब्द निघाला की ती एक सरकी पदराच्या टोकात बांधायची. आठ दिवस ती ओळीत वाकून कापूस वेचत होती आणि कान मात्र धुऱ्यावर होते. जया धुऱ्यावर लंगडत होती. बोंडाच्या सुकल्या टोकांनी तुळसाबाईची नखं उकलली, त्यातून रक्त आलं की कापसाला लागू नये म्हणून ती बोट तोंडात घालायची आणि पुन्हा ऐकायची.

शेजारच्या ओळीला अंजनाबाई असायची. तिला गप्प राहणं जमत नसे. "काय वं तुळसे, पदरात सरकी पेरून राहिली का?"

"शब्द मोजून राहिलो, पोरीचे."

"मंग आमच्या घरचे घेऊन जाय वं माय! आमची सासू सकायपासून दोन पायल्या टाकते!"

बाया खळखळून हसल्या. तुळसाबाईही हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की आपण याआधी पोरांचं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. अंजनाबाईचं तीन वर्षांचं लेकरू न्याहारीपर्यंत पंधरा वेळा 'काहून' म्हणालं. मुंगी काहून चावते. सूर्य काहून बुडते. तू काहून नाई देत. अंजनाबाई त्याला धपाटे घालत होती. तुळसाबाईला वाटलं, पायलीभर पेरावं असं हे बियाणं, आणि ही बाई ते पाखरांसारखं हाकलून राहिली.

अंजनाबाईची चौदा वर्षांची मोठी पोरगी ओळीत वाकल्या वाकल्या मायशी हुज्जत घालत होती. "मले फसवू नको वं माय. तू कबूल केलतं." कबूल. फसवणं. तुळसाबाईनं ते दोन शब्द तोंडात घोळवून पाहिले. हे आपल्या पोरीला कोणत्या साली येतील? कोण आणून देईल?

पदरात सातव्या दिवशी दहा सरक्या झाल्या.

आठव्या दिवशी तुळसाबाई पाणी भरून आली तर चुलीपुढं रुखमाबाई जयाचं तोंड दोन्ही हातांत धरून बसली होती. गुळाचा खडा तिच्या नाकासमोर होता. "म्हन. विठ्ठल. ईऽऽठ्ठल." म्हातारीचे ओठ ताणलेले, डोळे पाण्यानं भरलेले. जयानं गुळाकडे पाहून ओठ ताणले. "ईऽऽ."

"आयकलं? आयकलं का वं? विठ्ठलच म्हने ते! टाक त्याची सरकी."

"आत्याबाई, शिकवाचं नाई म्हने डाक्टरीन."

"देवाचं नाव शिकवा लागते का? टाक म्हनतो ना!"

तुळसाबाईनं अकरावी सरकी टाकली. ती म्हातारीसाठी टाकली की स्वतःसाठी, ते पांडुरंगाला ठाऊक.

मंगळवारी बाईंनी अकराही शब्द कागदावर उतरवले. मा. बा. पापा म्हणजे पाणी. भा म्हणजे भाकर. फू म्हणजे चूल. हम्मा. असेच आणखी. त्यांनी पेन्सिलीनं एकेकाखाली रेघ ओढली. "हे पाहा. हे जवळजवळ सारे ओठांवरचे आहेत. ओठ मिटतात, उघडतात, ते दिसतं. पोरगी हुशार आहे. हे तिनं कानानं नाही, डोळ्यानं वेचलंय."

"अन् टाया कशा वाजवते मंग?" तुळसाबाईचा आवाज चढला. "मृदंगाच्या मात्रेवर वाजवते! सारं गाव साक्षीले हाये!" तिनं जयाला टेबलावर बसवलं आणि त्याच टेबलावर मुठीनं ठेका धरला. धा, धिं, धिं, धा. जयाचा चेहरा उजळला. तिनं एक तळवा टेबलाला लावला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर नेमका ताल दिला.

"पाहा!" देवराव ओरडला. "पाहा, बाई!"

बाई टेबलाजवळ आल्या. त्यांनी जयाला उचलून तुळसाबाईच्या मांडीवर दिलं, पाय अधांतरी. मग स्वतः मागं जाऊन तोच ठेका त्याच टेबलावर धरला. आधी हळू, मग जोरानं, मग दोन्ही मुठींनी. औषधाच्या बाटल्या हलल्या. बाहेरचे पेशंट दारात आले. जया वर फिरणारा पंखा पाहत होती.

ठेका थांबला. बाईंची मूठ लाल झाली होती.

"तळव्यातून येतं तिला," त्या म्हणाल्या. "जमिनीतून. ताप येऊन पाच वर्षं झाली. पाच वर्षं तुम्ही कुठं होता?"

"कीर्तनात," तुळसाबाई म्हणाली.

बाईंनी चिठ्ठी देऊन मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत पाठवलं. दोघं नवरा-बायको पोरीला कडेवर घेऊन पायीच गेले. तिथल्या शिक्षिका इंदुताईंनी चिठ्ठी वाचली, जयाच्या हनुवटीला बोट लावलं, आणि तिला आपल्या गळ्यावर हात ठेवायला दिला. इंदुताई बोलत होत्या तसतसे जयाचे डोळे मोठे होत गेले. तिनं आपलाही गळा चाचपून पाहिला.

"चवथ्या वर्षी आणली असती तर," इंदुताई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. "सात पूर्ण झाली की इथं घेत नाहीत. हिला कधी होतात?"

"पुसात."

"म्हणजे पौषात. महिनाच उरला. एक खाट रिकामी झाली आहे. सोमवारी आणा, इथंच राहील. मंगळवारी ती खाट दुसऱ्या लेकराची."

घरी आल्यावर चूल पेटायच्या आधी भांडण पेटलं.

"मुक्यायच्या शाळेत!" रुखमाबाईनं परात आदळली. "एकदा तिथी टाकली का जलमभर मुकी. कोन पदरात घेईन तिले? अन् बुवाचा शब्द? साधूचा शब्द खोटा पाडता का वं तुमी?"

"आत्याबाई, पोरगी बंडीखाली जाऊन राहिली होती."

"तिच्या बापानं बैल नाई सांभाळले म्हनून!"

देवराव उंबऱ्यात बसून पायातला काटा काढत होता. काटा कधीच निघाला होता, तरी तो काढतच होता. "सोमवारीच काहून?" तो म्हणाला. "आभाय पाह्य. आठ दिवसांत सारा कापूस घरात आला पाह्यजे. वेचा झाला का नेऊ."

"वेचा पुढल्या वर्सी बी येईन," तुळसाबाई म्हणाली. "पोरीचं सातवं येनार हाये का?"

देवरावनं मान वर केली नाही. "बुवा म्हनतीन तसं करू," तो म्हणाला. माणसाला निर्णय घ्यायची ताकद नसली की तो देवाच्या माणसाकडे ढकलतो. पण ते दार तरी उघडं होतं.

रविवारी तीन कोसांवरच्या गावात रामाजीबुवांचं काल्याचं कीर्तन होतं. तुळसाबाई पहाटे निघाली, जयाला कधी कडेवर, कधी बोटाला धरून. काला झाला, लोक लाह्या घेऊन पांगले, बुवा चिंचेखाली पाय धूत बसले होते. घसा बसलेला, अंगरखा घामानं चिकटलेला. तिनं पाया पडून सगळं सांगितलं. बंडी, पडलेलं ताट, टेबल, सरक्या. विठ्ठलाची सरकी सांगताना तिला रडू आलं.

बुवा उठले. जया चिंचेची सुकी पानं गोळा करत होती. बुवा तिच्या मागं उभे राहिले आणि टाळकऱ्याच्या हातातले टाळ घेऊन तिच्या कानाशी खणखणीत वाजवले. चिमण्या उडाल्या. जयानं आणखी एक पान उचललं.

बुवा तिथंच मातीत बसले.

"किती लोकांसमोर बोललो होतो मी ते?"

"साऱ्या गावासमोर, बुवा."

"मग सांगायचंही तिथंच."

त्यांच्यासाठी जेवणाचं पान मांडलेलं होतं. तसंच ठेवून म्हातारा उपरणं डोक्यावर घेऊन अनवाणी निघाला. दुपारी बाया देवरावच्या वावरात वाकलेल्या असताना धुऱ्यावर बुवा दिसले, मागं जयाला कडेवर घेतलेली तुळसाबाई, आणि सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या. रुखमाबाई धावत आली, पायांवर डोकं ठेवू लागली. बुवांनी तिला धरलं आणि आपणच हात जोडले.

"माय, मी चुकलो. लेकरू हाताला लागणारी थरथर मोजत होतं, आणि मी त्याला श्रवणभक्ती म्हणालो. टाळी मिळाली, गोड वाटलं मला. माझ्या टाळीत तुमच्या पोरीची वर्षं गेली." त्यांचा तो आवाज, ज्याच्यासाठी पाच गावं लोटायची, तो फाटून गेला. "तिला घेऊन जाऊ द्या. माझा शब्द धरून ठेवू नका."



रुखमाबाईनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. "बुवा," ती म्हणाली, "कडू बोलले असते, तं आमी तरी कुठी आयकलं असतं?" मग ती वळली, आपल्या ओळीत गेली आणि वेचू लागली. तिच्या ओटीत कापूस पडत होता आणि वरून डोळ्यांतलं पाणी पडत होतं. तिनं ते पुसलं नाही, आणि जयाकडे पाहिलंही नाही.

देवराव धुऱ्यावर आला. "जाय तू सोमवारी," तो बायकोला म्हणाला. "मी वेचा पाह्यतो." मग म्हणाला, "मले नको नेऊ. माह्यानं सोडवनार नाई."

सोमवारी तुळसाबाई एस.टी.नं एकटीच गेली. जयाच्या अंगावर अंजनाबाईच्या पोरीचा लहानपणचा धुतलेला झगा होता, हातात दशम्यांचं फडकं. पाय अजून लंगडत होता. पोरगी खुशीत होती. खिडकीतून दिसेल त्या बैलाला "हम्मा" म्हणत होती.

शाळेच्या ओसरीवर वीसेक मुलं होती आणि आवाज नव्हता. हातच हात हलत होते. जया खांबाआडून बघत राहिली. एका मुलीनं येऊन तिच्या पट्टीकडे बोट केलं, मग दोन्ही हातांचं चाक करून फिरवून दाखवलं. चाक गेलं का? जयानं मान हलवली. एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलेला आणि तिला कळलेला तो पहिला प्रश्न असावा.

इंदुताईंनी कागदावर तुळसाबाईचा अंगठा घेतला. "आता निघा. जेवढं थांबाल तेवढं जड जाईल."

"बाई, मी संक्रांतीले येतो, हे तिले सांगा."

इंदुताईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "कसं सांगू? येईन हा शब्द तिच्याजवळ नाही. गेलेलं माणूस परत येतं, हे सांगायला लागतं त्यातलं काहीच नाही तिच्याजवळ. शिकवू आम्ही. वर्ष लागेल."

"अन् तवरिक?"

"तुम्ही येत राहा. चार वेळा आलात की तिला कळेल."

"अन् आज?"



तुळसाबाई पोरीसमोर उकिडवी बसली. तिनं आपल्या छातीला हात लावला, रस्ता दाखवला, दोन बोटं चालवत दूर नेली, आणि तीच बोटं चालवत परत जयाच्या छातीपर्यंत आणली. मग रिकाम्या हातांनीच तीळ निवडले, कुटले, लाडू वळला, तिच्या तोंडात घातला. जया एकटक हातांकडे पाहत होती. संपल्यावर तिनं सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. छाती, रस्ता, जाणारी बोटं, येणारी बोटं, लाडू. आणि हसून पुन्हा कर म्हणून मायचा हात ओढला.

"समजली, बाई! समजली ते!"

"खेळ समजली," इंदुताई हळूच म्हणाल्या.

त्यांनी जयाला आत नेलं, रंगीत मणी दाखवायला. तुळसाबाई फाटकाबाहेर पडली. वीस पावलं गेली असेल नसेल, तोच मागून हाक आली. "माऽऽ!" आपला आवाज किती मोठा ते त्या पोरीला कधीच कळलं नव्हतं, त्यामुळं त्याला माप नव्हतं. रस्त्यावरच्या सायकली थांबल्या.

"ओ," तुळसाबाई म्हणाली. ते सवयीनं निघालं.

पुन्हा हाक आली. कुणीतरी पोरीला दारातून ओढत असावं, हाक मध्येच तुटून पुन्हा जुळत होती.

"ओ वं माय. ओ."

तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर दहा जणांनी धरली तरी ती पोरीकडे धावत गेली असती. एका पानठेल्यावाल्यानं विचारलं, "कोनाले ओ देऊन राहिल्या, बाई?" हाक कानावर येत होती तिथवर ती प्रत्येक हाकेला ओ देत चालत गेली, आणि मग पदर डोक्यावर घेऊन एस.टी.च्या रांगेत उभी राहिली. वावरात अजून अर्धा कापूस झाडावर होता.